उरलेल्या ९,९९२ वेळा

एचआयव्हीची लागण झालेला, औषधं न घेणारा पुरुष आणि लागण नसलेली स्त्री यांचा निरोधाशिवाय संबंध आला, तर त्या एका संबंधातून तिला लागण होण्याची शक्यता किती? अनेक अभ्यासांची गोळाबेरीज करून संशोधकांनी काढलेली सरासरी आहे दहा हजारांत आठ. हा आकडा पहिल्यांदा वाचणाऱ्याला छपाईची चूक झाली असावी असंच वाटतं. ज्याच्या नुसत्या नावाने घरं हादरली, तो विषाणू दहा हजारांपैकी ९,९९२ वेळा हात हलवत परत जातो?

लगेच एक खुलासा करायला हवा, कारण सरासरी हा फसवा प्रकार आहे. पहिल्याच संबंधातून लागण झालेल्या स्त्रिया आहेत. पुरुषाला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात आणि वीर्यात विषाणूंची संख्या प्रचंड असते. दोघांपैकी कुणाला गुप्तरोगाचा व्रण असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. शिवाय एका संबंधाचा धोका लहान असला, तरी संसार काही एका संबंधाचा नसतो. तेव्हा निरोधाला सुट्टी द्यायला हा आकडा कुणी वापरू नये. मला तो हवा आहे वेगळ्याच कारणासाठी. त्या उरलेल्या ९,९९२ वेळा आत नेमकं घडतं काय?

याचा शोध घेताना संशोधकांना शाळेतलं एक लाडकं चित्र बाजूला ठेवावं लागलं. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, शत्रू दिसला की ते धावून जातात, जितके जास्त तितकं बरं, असं आपण शिकलो. एचआयव्ही मात्र नेमका त्या सैनिकांतच घर करतो. सीडी४ नावाचं प्रथिन अंगावर मिरवणाऱ्या टी-पेशी हे त्याचं भक्ष्य; त्यातही ज्या जाग्या, कामाला लागलेल्या आहेत, त्या त्याला विशेष मानवतात. अशा शत्रूसमोर सैन्य उभं करणं म्हणजे त्याला जेवायला वाढणं. मग स्त्रीचं शरीर बचाव करतं तरी कसा?

आत शिरताच विषाणूची पहिली गाठ पडते ती श्लेष्म्याशी. गर्भाशयमुखातून हा चिकट स्राव सतत पाझरत असतो आणि योनिमार्गाच्या भिंतींवर त्याचा थर पसरलेला असतो. आपण त्याच्याकडे फार तर स्वच्छतेची कटकट म्हणून पाहतो. प्रत्यक्षात ती धाग्यांची विणलेली जाळी आहे. तिची भोकं सरासरी ३४० नॅनोमीटरची, तर एचआयव्हीचा व्यास साधारण १२० नॅनोमीटर. म्हणजे विषाणूने सहज आरपार जायला हवं. २००९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स आणि नॉर्थवेस्टर्न या अमेरिकी विद्यापीठांतल्या संशोधकांनी चमकणारी खूण लावलेले विषाणू स्त्रियांनी दिलेल्या ताज्या स्रावात सोडले आणि एकेका कणाचा माग काढला. विषाणू जागीच थिजले. पाण्यात ते ज्या गतीने भटकतात, त्याच्या हजाराव्या हिश्श्यानेही हलेनात. कोळिष्टकाची भोकं माशीहून मोठी असतात, तरी माशी अडकते ती धाग्याच्या चिकटपणामुळे. इथेही तसंच होतं. मग संशोधकांनी त्याच स्रावाची आम्लता काढून टाकली. धागे तेच होते, पण विषाणू सुटले आणि सैरावैरा धावू लागले.

सगळी करामत आम्लतेची होती. ती येते कुठून, हा भाग मला या साऱ्या कथेत सर्वांत विलक्षण वाटतो. शरीर ही आम्लता मुख्यतः पाळलेल्या जिवाणूंकडून करून घेतं. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये योनिमार्गातल्या या दंडगोल जिवाणूंचं वर्णन केलं. आज आपण त्यांना लॅक्टोबॅसिलस या कुळात मोजतो. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली योनिमार्गाच्या पेशी ग्लायकोजेन साठवतात, म्हणजे साखरेचाच एक साठवणीतला प्रकार. पेशी झडतात, साखर मोकळी होते, जिवाणू तिच्यावर पोसले जातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. त्यामुळे तिथला सामू चारच्या आसपास राहतो. सस्तन प्राण्यांत ही व्यवस्था जवळजवळ माणसापुरतीच आहे. माकडांपासून गायी-म्हशींपर्यंत कुणाच्याही योनिमार्गात लॅक्टोबॅसिलसचं असं एकछत्री राज्य आढळत नाही. ते फक्त आपल्याकडेच का आलं, याविषयी तर्क पुष्कळ आहेत, एकमत नाही.

दह्यात याच कुळातले जिवाणू असतात हे खरं. पण ती जात वेगळी आणि तिचा मुक्कामही वेगळा. दही खाऊन किंवा लावून हे संरक्षण मिळतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. या कामात खरी तरबेज जात आहे लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटस. २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांना दिसलं की, जिच्या स्रावात क्रिस्पॅटसचं वर्चस्व, तिचा स्राव विषाणूला धरून ठेवतो. त्याच कुळातल्या इनर्स या जातीचं प्राबल्य असेल तर मात्र विषाणू बऱ्यापैकी मोकळा फिरतो. दोघीही निरोगी, दोघींनाही कसला त्रास नाही. फरक एवढाच की आतला भाडेकरू वेगळा.

आणि वीर्य? ते अल्कधर्मी असतं. शुक्राणूंना आम्ल सोसत नाही, म्हणून वीर्य योनिमार्गातली आम्लता काही क्षणांत निष्प्रभ करतं आणि ती पूर्ववत व्हायला काही तास जातात. म्हणजे नेमक्या हव्या त्या वेळी पहिला अडसर निम्मा उघडतो. निसर्गाचा अग्रक्रम यात स्पष्ट दिसतो: वंश आधी, बचाव नंतर. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठात २००७ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. वीर्यातल्याच एका प्रथिनाचे तुकडे एकमेकांना बिलगून सूक्ष्म तंतू तयार करतात, विषाणू त्या तंतूंना चिकटतात आणि प्रयोगशाळेतल्या पेशींत त्यांचा शिरकाव कितीतरी सोपा होतो.

श्लेष्म्यातून जो निसटला, त्याच्यासमोर भिंत येते. योनिमार्गाचं अस्तर पेशींच्या अनेक थरांचं असतं. गर्भाशयमुखाच्या आतल्या बाजूला मात्र एकाच पेशीचा पातळ थर असतो, आणि मार्गातली नाजूक जागा बहुधा तीच. थरांची जाडी संप्रेरकांनुसार बदलते. १९९६ मध्ये माकडिणींना प्रोजेस्टेरॉन दिल्यावर त्यांचं अस्तर पातळ झालं आणि एचआयव्हीच्या माकडांतल्या भाऊबंदाची लागण कितीतरी पटींनी वाढली. त्यानंतर जगभर एक धास्ती पसरली की, तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन धोक्याचं तर नाही? आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत २०१७ पासून 'अंतरा' नावाने मिळतं तेच हे इंजेक्शन. शेवटी आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ स्त्रियांवर रीतसर चाचणी झाली. काहींना इंजेक्शन दिलं, काहींना तांबी बसवली, काहींच्या दंडात संप्रेरकाची कांडी. २०१९ मध्ये निकाल आला: तिन्ही गटांत लागणीच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. माकडीण म्हणजे बाई नव्हे, हे सिद्ध करायला तेवीस वर्षं गेली.

या भिंतीत पहारेकरीही आहेत. १८६८ मध्ये बर्लिनमधला एकवीस वर्षांचा वैद्यकीय विद्यार्थी पाउल लँगरहान्स याने त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी पाहिल्या आणि त्या मज्जातंतूंच्या असाव्यात असा अंदाज केला. अंदाज चुकला, पण पेशींना नाव त्याचंच पडलं. बाहेरून आलेलं पकडायचं आणि आतल्या यंत्रणेला नेऊन दाखवायचं, हे त्यांचं काम. एचआयव्हीच्या बाबतीत हेच काम घातक ठरेल अशी भीती होती, कारण त्यांच्यासारख्याच दुसऱ्या पेशी विषाणूला अंगाखांद्यावर घेऊन थेट टी-पेशींच्या दारात सोडतात. २००७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या तेउनिस खेइटेनबेक यांच्या गटाने दाखवलं की लँगरहान्स पेशी तसं करत नाहीत. त्यांच्या अंगावरचं लँगरिन नावाचं प्रथिन विषाणूला पकडतं, रॅकेटच्या आकाराच्या बारीक कप्प्यांत ओढतं आणि तिथे तो मोडून टाकला जातो. हे कप्पे १९६१ पासून माहीत होते, फक्त ते असतात कशासाठी हे कळत नव्हतं. अर्थात विषाणूंचा लोंढाच आला किंवा आजूबाजूला सूज असली की या पेशींचं हे कौशल्य थिटं पडतं. सूज हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे तो वारंवार येणार आहे.

स्रावात विरघळलेली प्रथिनं हा आणखी एक पदर. लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, डिफेन्सिनं अशी मोठी यादी आहे. अश्रू आणि लाळेतही यांतली काही असतात. ती यादी वाचण्यात मौज नाही, पण तिच्यात एक भूत दडलेलं आहे, ते मात्र सांगितलंच पाहिजे. १९९९ मध्ये ऱ्हीसस माकडाच्या पांढऱ्या पेशींत एक चिमुकलं प्रथिन सापडलं. अवघ्या अठरा अमिनो आम्लांचं, पण दोन्ही टोकं एकमेकांना जोडून पूर्ण वर्तुळ झालेलं. प्राण्यांमध्ये असं गोल प्रथिन त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. माणसात ते नाही. पण त्याचं जनुक आहे! आपल्या अस्थिमज्जेतल्या पेशी आजही त्या जनुकाची नक्कल काढतात, आणि नकलेच्या सुरुवातीलाच 'थांबा' अशी चुकीची खूण असल्यामुळे प्रथिन मात्र कधीच बनत नाही. गोरिला आणि चिंपांझींचीही हीच गत. आपल्या पूर्वजांत लाखो वर्षांपूर्वी कधीतरी एक अक्षर बदललं आणि कारखाना बंद पडला.

लॉस एंजलिसमध्ये रॉबर्ट लेहरर, अलेक्झांडर कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या जनुकात लिहिलेलं ते हरवलेलं प्रथिन २००२ मध्ये रसायनांतून घडवलं, त्याला रेट्रोसायक्लिन म्हटलं आणि एचआयव्हीसमोर ठेवलं. पेशी लागणीपासून वाचल्या. २००९ मध्ये कोल यांच्या गटाने त्याहून धाडसी प्रयोग केला. काही प्रतिजैविकांचा एक जुना गुण त्यांना ठाऊक होता: ती पेशीला चुकीची 'थांबा' खूण ओलांडून पुढे वाचायला लावतात. ती औषधं दिल्यावर माणसाच्या पेशींनी हे प्रथिन पुन्हा बनवलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या योनिमार्गाच्या ऊतींमध्येही तेच घडलं. यातून औषध अजून निघालेलं नाही. पण मुकं झालेलं जनुक पुन्हा बोलतं करण्याची कल्पनाच मला थरारून टाकते.

तर विषाणू श्लेष्म्यातून, भिंतीतून, पहारेकऱ्यांतून निसटला, असं धरू. पुढे काय होतं हे मिनेसोटा विद्यापीठातल्या अ‍ॅश्ले हासे यांनी माकडांच्या ऊतींत पाहिलं. पहिले काही दिवस लागण झालेल्या पेशी मूठभरच असतात, तीही एखाद्या कोपऱ्यात. स्त्रियांतही, आणि पुरुषांतही, संबंधातून झालेल्या लागणींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश एकाच विषाणूपासून वाढलेल्या दिसतात. लाखोंपैकी एक आत पोचतो आणि तोही भुकेने मरण्याच्या बेतात असतो, कारण आसपास त्याला हव्या तशा टी-पेशी फार थोड्या. अशा वेळी शरीर मदत करतं, पण विषाणूला! भिंतीच्या पेशी धोक्याचे रासायनिक संदेश सोडतात, त्या संदेशांमागे दुसऱ्या पेशी येतात, आणि त्यांच्या हाकेला ओ देऊन टी-पेशींची झुंड त्याच कोपऱ्यात जमते. विषाणूला तेवढंच हवं असतं. २००९ मध्ये हासे यांच्या गटाने हे संदेश दाबून पाहिले. त्यासाठी त्यांनी वापरला ग्लिसरॉल मोनोलॉरेट, म्हणजे खाद्यपदार्थांत आणि सौंदर्यप्रसाधनांत सर्रास घालतात तो साधा स्निग्ध पदार्थ. विषाणूचे मोठे डोस देऊनही माकडिणी तेव्हा लागणीपासून वाचल्या.

हेच नैरोबीतल्या काही बायकांची शरीरं कित्येक वर्षं आपणहून करत होती.

नैरोबीच्या पुमवानी भागात मजेंगो ही गरीब वस्ती आहे. कॅनडाच्या मॅनिटोबा विद्यापीठातले डॉक्टर फ्रँक प्लमर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गेले ते शँक्रॉइड या गुप्तरोगाच्या अभ्यासासाठी. नैरोबीच्या परिचारिका आणि प्राध्यापक एलिझाबेथ न्गुगी यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा विश्वास मिळवला होता. त्यांच्यावाचून पुढचं काही घडलं नसतं. १९८५ मध्ये एचआयव्हीची रक्तचाचणी हाती आली, तेव्हा या गरीब वस्तीतल्या सुमारे दोन-तृतीयांश स्त्रिया बाधित निघाल्या. साऱ्या जगाने तो आकडा पाहिला. प्लमर यांची नजर मात्र हळूहळू उरलेल्यांवर खिळली. रोज अनेक गिऱ्हाइकं, त्यांतली कित्येक बाधित, आणि तरीही वर्षामागून वर्ष काही जणींची चाचणी निर्दोष येत होती.

हा केवळ नशिबाचा खेळ असेल, ही शंका पहिल्यांदा कुणालाही येईल. म्हणून कीथ फाउक, प्लमर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. १९८५ ते १९९४ या काळात नोंदल्या गेलेल्या, सुरुवातीला लागण नसलेल्या ४२४ स्त्रियांपैकी २३९ जणींना पुढे लागण झाली. प्रत्येकीचा धोका सारखाच असता, तर जितका काळ जाईल तितकी उरलेल्यांचीही पाळी त्याच गतीने आली असती. तसं झालं नाही. जी तीन वर्षं टिकली, तिला पुढे लागण होण्याची शक्यता घसरत गेली. निरोधाचा वापर किंवा गिऱ्हाइकांची संख्या यांनी हा फरक उलगडेना. १९९६ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हा निष्कर्ष छापून आला तेव्हा लस शोधणाऱ्यांचे डोळे लकाकले.

युरोपात काही माणसांना जन्मजात कवच असतं. विषाणू पेशीत शिरताना सीसीआर५ नावाच्या ज्या कडीला हात घालतो, ती कडीच त्यांच्या पेशींवर नसते. आफ्रिकेत तो जनुकीय बदल जवळजवळ आढळतच नाही. तेव्हा मजेंगोतल्या बायकांचं कवच दुसऱ्या कुठल्या तरी घडणीचं असणार होतं. रूपर्ट काउल आणि इतरांना १९९९-२०००च्या सुमारास त्यांच्या जननमार्गातल्या स्रावात एचआयव्हीला ओळखणारी आयजीए जातीची प्रतिपिंडं सापडली, गर्भाशयमुखात एचआयव्हीबाधित पेशी टिपणाऱ्या टी-पेशीही सापडल्या. लागण नाही आणि तरी शत्रूची ओळख आहे, म्हणजे ही निसर्गाने टोचलेली लसच, असं वाटलं.

२००१ मध्ये त्या आशेला धक्का बसला. इतकी वर्षं सुरक्षित राहिलेल्या काही स्त्रियांना लागण झाली. त्यांच्यापैकी अनेकींनी त्याआधी काही काळ व्यवसाय थांबवला होता किंवा कमी केला होता; गावी गेल्या, परत आल्या आणि बाधित झाल्या. सतत होणारा विषाणूचा स्पर्श थांबला की कवच विरतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. माणूस म्हणून हे वाचताना गलबलतं. ज्या विश्रांतीची त्या बायकांना सर्वांत जास्त गरज होती, तीच त्यांना भोवली.

मग दिशा बदलली. ब्लेक बॉल, फाउक आणि त्यांचे सहकारी या स्त्रियांच्या पेशी काय करतात यापेक्षा काय करत नाहीत, हे पाहू लागले. त्यांच्या सीडी४ पेशी इतरांच्या मानाने निवांत होत्या. पेशीतली जी यंत्रसामग्री विषाणू स्वतःच्या प्रती काढायला वापरतो, ती कमी प्रमाणात चालू होती. विषाणूची जनुकं जागी व्हायला आयआरएफ-१ नावाचं आपलंच एक प्रथिन हातभार लावतं. त्याच्या जनुकातले काही बदल या स्त्रियांत अधिक आढळले. जननमार्गातल्या स्रावात सूज वाढवणारे संदेश कमी आणि सूज आवरणारी प्रथिनं जास्त होती. त्यांतलं एक इलाफिन, भिंतीच्या पेशींनीच सोडलेलं. भराभर तुकडे पाडणाऱ्या विकरांना ही प्रथिनं लगाम घालतात, त्यामुळे भिंत शाबूत राहते आणि धोक्याची हाकाटी होत नाही. बेनिनमधल्या कोटोनू शहरातल्या तशाच स्त्रियांच्या अभ्यासातही स्रावाचं असंच वेगळेपण दिसलं.

या स्त्रियांची प्रतिकारशक्ती कमकुवत होती असं मात्र नाही. बाकीच्या रोगजंतूंना त्या नीट तोंड देत होत्या. फक्त एरवीच्या वेळी त्यांची यंत्रणा भडकलेली नसायची.

सूज विषाणूच्याच पथ्यावर पडते, हे आधी ठाऊक असतं तर एक मोठी शोकांतिका टळली असती. नोनोक्सिनॉल-९ हे शुक्राणू मारणारं रसायन काचनळीत एचआयव्हीलाही मारायचं. स्त्रियांच्या हातात स्वतःचं असं साधन येईल या आशेने आफ्रिका आणि थायलंडमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांवर त्याच्या जेलची चाचणी झाली. २००० मध्ये दरबानच्या एड्स परिषदेत निकाल जाहीर झाला: जेल वारंवार वापरणाऱ्यांत लागण वाढली होती. साबणासारख्या त्या रसायनाने विषाणूबरोबर भिंतीही सोलल्या, सूज आणली आणि टी-पेशींना आवतण दिलं.

त्यानंतरच्या जेलचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कुरेशा आणि सलीम अब्दुल करीम या दाम्पत्याने दक्षिण आफ्रिकेत केलेल्या चाचणीत टेनोफोविर या औषधाच्या जेलने लागण ३९ टक्क्यांनी कमी झाली, हे २०१०चं. सात वर्षांनी त्याच स्त्रियांचे जपून ठेवलेले नमुने पुन्हा तपासले गेले. लॅक्टोबॅसिलसचं वर्चस्व असलेल्यांत जेलचा फायदा ६१ टक्के होता, नसलेल्यांत अवघा १८. गार्डनेरेला नावाचा जिवाणू औषधच फस्त करत होता. त्याच वर्षी दरबानजवळच्या उमलाझीतल्या १८ ते २३ वयाच्या तरुणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या योनिमार्गात सरमिसळ जिवाणूंची गर्दी होती त्यांना लागणीचा धोका चौपटीहून जास्त होता. क्रिस्पॅटसचं राज्य असलेल्या एकीलाही अभ्यासकाळात लागण झाली नाही. सरमिसळीच्या गटात जननमार्गातल्या जाग्या सीडी४ पेशींची संख्याही मोठी होती. जिवाणू बिघडले की सूज येते आणि सुजेमागे भक्ष्य येतं, ही साखळी आता जवळजवळ पूर्ण दिसते.

फाउक यांच्या गटाने नैरोबीतच एक साधा प्रयोग केला. काही निरोगी स्त्रियांना सहा आठवडे रोज ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, हृदयरोग्यांना देतात तेवढीच. जननमार्गातल्या, विषाणूला सोयीच्या टी-पेशी ३५ टक्क्यांनी घटल्या. लागण टळते की नाही हे त्यात तपासलेलं नव्हतं, म्हणून कुणी मनाने गोळ्या सुरू करू नयेत. पण विषाणूवर वार न करता त्याचं ताट रिकामं ठेवण्याचा विचार किती स्वस्तात मांडता येतो, हे त्यातून दिसलं.

खात्रीचं संरक्षण आज औषधांतूनच मिळतं. २०२४ मध्ये लेनाकॅपाविर या वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनची चाचणी दक्षिण आफ्रिका आणि युगांडात झाली. ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. मजेंगोतल्या स्त्रियांच्या शरीराने दाखवलेली वाट अजून दवाखान्यापर्यंत पोचायची आहे. प्लमर २०२० मध्ये नैरोबीतच वारले, मॅनिटोबा आणि नैरोबी या विद्यापीठांच्या सहकार्याची चाळीस वर्षं साजरी करायला गेले असताना.

हे सगळं आपल्यापासून दूरचं वाटत असेल, तर दोन मराठी आकडे सांगतो. १९९७ मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या १३.६ टक्के एचआयव्हीबाधित होत्या. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध एकट्या नवऱ्याशी आलेला होता. दुसरा आकडा त्याआधीचा, १९८९चा. राणी बंग, अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता, त्यांत मोठा वाटा जननमार्गाच्या संसर्गाचा होता, आणि त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

अंगावरून पांढरं जाणं, खाज, दुर्गंध, ओटीपोटात दुखणं हे बाईच्या जातीला चालायचंच, असं म्हणून आजही अंगावर काढलं जातं. ते काढू नका. आतून धुवायचे सुगंधी द्राव वापरू नका. ते राखणदार जिवाणूंनाच वाहून नेतात. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगांचे उपचार आणि एचआयव्हीची चाचणी मोफत होते, नाव गुप्त राहतं, आणि १०९७ या क्रमांकावर फोन करून विचारायला पैसे पडत नाहीत. जाताना नवऱ्यालाही बरोबर न्या. उपचार दोघांचे झाले नाहीत तर संसर्ग परत येतो.